माझ्या नावावरची तांबी

सांगली, १४ मार्च १९७८

आक्का,

तुझी पत्रं तुझे दीर सोप्यात बसून मोठ्यानं वाचतात. म्हणून हे पत्र पेटीत टाकणार नाही. पण तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पाचव्या बाळंतपणातून तू कशीबशी वाचलीस. शेतात राबणारीला विम्याचं कार्ड नसतं, आणि गावच्या दवाखान्यात गेलं की सासूला कळतं. म्हणून मी गिरणीतलं माझं कार्ड तुझ्या हातात ठेवलं. पुन्हा दिवस जाऊ नयेत म्हणून तू माझ्या नावावर तांबी बसवून आलीस. हसून म्हणालीस, "मने, आज मीबी गिरणीत लागले बघ."

आता मला दिवस गेलेत. लग्नाला सात वर्षं झाल्यावर.

काल विमा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. "तुला तर तांबी बसवलीय. मग हे कसं?"

खरं सांगितलं असतं तर कार्ड गेलं असतं, आणि बाळंतपणाची पगारी रजाही.

"पडली असंल, बाई."

पोट तपासताना मी पहिलटकरीण आहे हे त्यांना कळलंच असणार, आणि तांबी तर लेकुरवाळीलाच बसवतात. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग कागदावर लिहिलं, 'पडली.'

मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाल्या, "तिला एकदा तपासायला घेऊन ये. कार्ड घरीच राहू दे."

आक्का, मी दुसरं पत्र लिहीन. त्यात एवढंच असेल, डोहाळजेवणाला ये. ते दिरांना खुशाल मोठ्यानं वाचू दे.

तुझी,
मनू