दर्शनी भिंतीची तीट

चाचा, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, आणि तुम्हाला जाऊन तर आता वीसेक वर्षं होत आली. तरी लिहून राहिले. शिकवणीतल्या पोरांचे पेपर तपासून झाले, लाल पेन हातातच होतं, म्हटलं ह्याच पेननं लिहावं. मी ती लोहा गावची पोरगी. युवा मिशनच्या वीस-बावीस पोरापोरींत सिमेंटच्या घमेल्याला हात लावणारी मी एकटीच मुलगी. बाकीच्या रंग द्यायला गेल्या आणि मी म्हटलं, मला थापी द्या. तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडं न बघता हाताकडं बघितलंत आणि आधी नखं काढून ये म्हणालात. मला राग आला होता, पण गेले आणि काढून आले.

भूकंपाला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं युवा मिशन म्हणजे नांदेडच्या कॉलेजातली पोरं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठंतरी जाऊन श्रमदान करायचं, गाणी म्हणायची, मोठं काहीतरी केलं असं वाटून घरी यायचं. त्या वर्षी लातूरचं एक घर दुरुस्त करायचं ठरलं. त्यात अकरा माणसं राहायची. वयानं मोठी, समजेनं लहान, आणि भूकंपात ज्यांच्या घरचं कुणी उरलं नाही अशी. त्यांना सांभाळायला एक ताई. घर एका व्यापाऱ्याचं होतं. धक्क्यानं दर्शनी भिंतीला माळ्यापासून जोत्यापर्यंत हात शिरेल एवढी भेग पडली होती. लातुरात तेव्हा लोक धडधाकट छताखालीही झोपायला भ्यायचे, तिथं असल्या घरात भाडेकरू कोण येणार? म्हणून त्यानं ते ताईंना वापरायला देऊन टाकलं होतं. आणि तुम्ही नांदेडचे मिस्त्री, आम्हा अडाण्यांना काम शिकवायला मिशननं आणलेले.

त्या अकरांत एक दांडगा माणूस होता, तुम्हाला आठवत असेल. तो भिंतीवरचा हात काढायचाच नाही. अंघोळीला चालला तरी भिंत धरून, जेवायला आला तरी भिंत धरून. आणि वाटेत जो भेटेल त्याला विचारायचा, "हाय का?" आपण "हाय" म्हटलं की पुढं जायचा. ढिगाऱ्याखाली तो एक दिवस आणि एक रात्र होता आणि वरून लोक हेच ओरडत होते, असं ताईंनी सांगितलं. कोपऱ्यावर वळताना त्याचं कपाळ आपटायचं. तुम्ही दोन दिवस नुसतं बघितलंत आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला सांगितलंत की ह्या घरात एकही कोपरा टोकदार काढायचा नाही, सगळे गोल. मी अख्खा दिवस एक कोपरा करते आहे, तुम्ही त्यावरून तळवा फिरवता आहात, मान हलवता आहात, आणि मी पुन्हा माल लावते आहे. एवढं कौतुकाचं काम मी नंतर आयुष्यात केलं नाही.

घरातल्या सगळ्या भेगा तुम्ही आतून जाळी ठोकून, माल भरून पक्क्या केल्या. दर्शनी भिंतीची मोठी भेगसुद्धा आतल्या बाजूनं बांधून घेतली. बाहेरून मात्र तिला हात लावू देत नव्हतात. मी विचारलं तर हसून म्हणालात, "तीट हाय ती घराची. पुसू नको." आता चाचा, मी जयभीमवाल्या घरातली. माझ्या बापानं आम्हा भावंडांच्या गालाला कधी काजळाचा ठिपका लागू दिला नाही, दृष्ट-बिष्ट कुणी काढली की ते भरल्या ताटावरून उठायचे. मला वाटलं, एवढा हुशार माणूस आणि डोक्यात हे खूळ! ते काढायचा मी विडाच उचलला. शुक्रवारी तुम्ही नमाजाला गेलात, तिकडूनच जेवायला जाणार होतात. मी दोन पोरांना माल कालवायला बसवलं आणि परांचीवर चढले. भेग बुजवली, लाकडी रंधा फिरवून सपाट केली, पाणी मारलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही उगीच नाही.

तुम्ही आलात, सायकल लावली, वर बघितलंत. कुणी केलं हे विचारलंच नाही, तुम्हाला माझा हात ओळखू यायचा. मला बाजूला नेऊन हळूच म्हणालात, "नजरेचं न्हवतं ते, पोरी. घर पडकं दिसून राहिलं होतं, म्हणून ह्या लोकायचं होतं. चांगल्या घरात ह्यायला कोण ऱ्हाऊ देतंय?" मी परांचीकडं वळले. म्हटलं, आत्ता फोडते. तुम्ही मान हलवलीत. फोडलेली भेग वेगळी दिसते आणि पडलेली वेगळी, घरमालकाला कळतं, म्हणालात. एवढ्यात ताई बाहेर आल्या. त्यांना ही युक्ती तुम्ही आधीच सांगून ठेवली होती. भिंत बघून त्यांचा चेहरा उतरला. हे कुणी केलं, त्यांनी विचारलं. मी मालानं भरलेले हात पाठीमागं घेतले, आणि तुम्ही म्हणालात, "मीच. पावसाचं पाणी शिरलं असतं."

समारोपाला घरमालक आला. नारळ-शाल झाली, आमची गाणी झाली. मग तो भिंतीपाशी गेला, वरून खाली हात फिरवला आणि भेग होती तरी कुठं म्हणून कौतुकानं विचारू लागला. खोटं कशाला बोलू, चाचा, त्या घडीला मला बरंच वाटलं. एवढं सगळं कळल्यावरही.

पुढच्या दोन वर्षांतच शिकवण्यांचा जोर आला. नांदेड, उमरी, परभणीकडची पोरं ट्रंका घेऊन लातुरात उतरायला लागली आणि धड छताच्या प्रत्येक खोलीला भाव आला. घरमालकानं ताईंना महिन्याभरात घर सोडायला सांगितलं. तुम्ही त्याआधीच छातीच्या दुखण्यानं गेला होतात, एवढं एक बरं झालं. अकरा माणसं चार ठिकाणी पांगली. भिंत धरून चालणाऱ्याला किनवटकडच्या एका आश्रमात ठेवलं. मी एकदा रेल्वेनं गेले होते. तिथं भिंतच नव्हती, तारेचं कुंपण होतं. तो खाटेवर बसून होता, उठतच नव्हता. मी समोर बसले, तरी त्यानं काही विचारलं नाही. शेवटी मीच म्हणाले, "हाय." त्यानं बघितलंसुद्धा नाही. वर्षाच्या आत गेला.

त्या घरात आता मुलींचं हॉस्टेल आहे. मी शिकवणीत जीवशास्त्र शिकवते. माझ्याच वर्गातल्या पोरी तिथं राहतात, रविवारी त्यांच्या शंका सोडवायला मी तळमजल्यावर बसते. कोपरे गोल आहेत म्हणून लोखंडी कपाटं भिंतीला चिकटत नाहीत, अशी तिथल्या बाईंची कायमची तक्रार असते. भिंत अजून पक्की आहे. तुम्ही केलेलं काम असं सहज हलायचं नाही. त्याच पक्क्या भिंतीवर माझं पोट चाललंय, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

ताई अजून आहेत. एका खोलीत एकट्या राहतात, विसरभोळ्या झाल्या आहेत, पण त्या अकरांची नावं त्यांना एका दमात येतात. हे पत्र त्यांच्या हातात दिलं तरी पुरे होईल. देणार नाही, मला ठाऊक आहे. घर सुटलं तेव्हा भेग कुणी बुजवली ते त्यांनी मला एकदा विचारलं होतं आणि मी खाली मान घातली होती. ते तरी घाबरून झालं म्हणता येईल. गेल्या महिन्यात त्यांच्याकडं गेले, तर त्यांनी चहा पुढं ठेवला आणि काही कारण नसताना म्हणाल्या, "त्या मिस्तरीला मी अजून माफ केलं न्हाई. तू होतीस ना तिथं? खरं सांग, त्यानंच बुजवली का?" खोलीत आम्ही दोघीच होतो. मला आता भिण्यासारखं काही उरलेलं नाही. मी म्हणाले, "हाव ताई, त्यांनीच."