हाड की खडा

९ जानेवारी १९९५

चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणू लागली की वर्गाचे पत्रे झिणझिणायचे. राजूरच्या शाळेतला तो आवाज आज टेम्पोच्या खडखडाटात पुन्हा कानी आला, आणि शेवगाव कधी मागे पडलं कळलंच नाही. राधाकृष्ण स्वतः स्टँडवर घ्यायला आला होता. चौथीत माझ्या हाताखाली होता. आता उत्खननाचा प्रमुख, पण अजून 'गुरुजी' म्हणत वाकून नमस्कार करतो. माझं अक्षर त्याच्या लक्षात होतं. सापडलेल्या खापरांवर काळ्या शाईनं बारीक क्रमांक घालायचे, एवढंच काम. नदीकाठी पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड, पायथ्याशी माझी खोली. संध्याकाळी दारात बसून एक अख्खी कविता मोठ्यानं म्हटली. बायको गेली, दात गेले. जीभ मात्र शाबूत आहे आणि तिच्यावर सगळ्या कविता. आणखी काय हवं माणसाला?

११ जानेवारी

दोऱ्या ताणून चौकोन आखले. गडी खुरप्यानं बोटबोट माती खरवडतात, चाळणीत उरेल ते बनुबाईच्या घमेल्यात पडतं. ती खापरं धुते, मी लिंबाच्या सावलीत बसून लिहितो. राधाकृष्णानं आज एक युक्ती शिकवली. बारीक तुकडा हाड आहे की खडा, हे डोळ्यांना कळत नाही; जिभेला लावायचा. जुनं हाड चिकटतं, खडा सुटतो. मला गंमत वाटली, दिवसभर लावत बसलो. बनुबाई म्हणाली, "आमची शेळी बी भित्ताड चाटती गुरुजी, पर तिला कुनी पगार देत न्हाई."

१३ जानेवारी

एका घराच्या जमिनीखाली दोन रांजण निघाले, आडवे, तोंडाला तोंड लावलेले. आत तान्हं मूल. राधाकृष्ण सांगत होता, ती माणसं मेलेलं लेकरू गावाबाहेर नेत नसत. आई जिथं निजे त्याच जमिनीखाली पुरत. मला पाळणाच आठवला, डोळे भरून आले. त्या रांजणातली माती चाळली तेव्हा नखाएवढी एक कपची राहिली होती. सवयीनं जिभेला लावली. चिकटली. ओढली तरी सुटेना. मग तिथंच मऊ झाली, आवंढा आला, आणि गेली पोटात. राधाकृष्ण पोट धरून हसला. म्हणाला, शिकत होतो तेव्हा मी पायलीभर माती खाल्ली असेल, गुरुजी.

१४ जानेवारी

संक्रांत. बनुबाईनं तिळगूळ दिला. तोंडात घातला तर ओली राख. चहा राख, भाकरीही राख. चूळ भरली तर पाणी राखाडी, आणि त्याला नासलेल्या दुधाचा वास. रक्त येईतो जीभ घासली. वास गेला नाही.

१६ जानेवारी

सकाळी कविता म्हणायला बसलो. पहिला शब्दच उमटला नाही. जीभ टाळूला लागते, मागे ओढली जाते, सुटते. चक्, चक्. मी करत नाही हे, ती करते. आरशात पाहिली. जाड पांढरा थर, कडा वर दुमडून पन्हळीसारखी झालेली. आपलीच जीभ बघून ओकारी आली. बाहेर पडला तो दह्यासारखा चिखल.

१७ जानेवारी

दुपारी भान आलं तेव्हा बनुबाईच्या घमेल्यावर ओणवा होतो. खापरं धुतलेलं पाणी, वर मेलेले किडे — ते पीत होतो, ओठ लावून. बनुबाई हसली नाही. लिंबाखाली तिची सून रेश्मा लेकराला पाजायला बसली होती. वाऱ्यावर दुधाचा वास आला आणि माझं तोंड तिकडे फिरलं. मान वळवली, तोंड वळेना. शी! या वयात — माझ्या लेकीहून लहान पोर ती — बनुबाई सुनेच्या आड उभी राहिली. हळूच म्हणाली, "भुकेलं लेकरू असंच तोंड फिरवतं. गुरुजी, ह्ये तुमी न्हाई."

१८ जानेवारी

बोलता येत नाही. राधाकृष्णाला पाटीवर लिहून दाखवलं — ते रांजण होते तिथं पुन्हा पुरा, मलाही त्यात ओकू द्या. तो घाबरलाय. म्हणतो, रांजण कालच पुण्याला गेले. उद्या जीप आणतो, नगरला डॉक्टरकडे जाऊ.

म्हणजे टेकाडात आता काहीच नाही. त्या लेकराच्या आईला सापडेल असं जे उरलंय, ते माझ्यात —

कविता एकही नाही. होत्या, एवढंच आठवतं.

१९ जानेवारी

आज बाजार. सगळे शेवगावला गेले. भर दुपार. जीपची वाट बघतोय.

पोटात कुणीतरी रडतंय. आवाज माझ्या तोंडातून —

दार वाजलं. राधाकृष्ण असणार म्हणून कडी काढली.

बाई आहे. गावातली नव्हे. केसांतून माती गळते. माझ्याकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघते. उंबऱ्यातच मांडी घालून बसली. पदर बाजूला केला. राखाडी, दाट ओघळ — त्यात काहीतरी वळवळतं —

किळस — देवा, किळस येते — भिंतीला पाठ लावलीय, भिंत धरलीय —

गुडघे पुढे चाललेत. तोंड उघ