राणीचं खानदान

१ जानेवारी २००९
संकल्प. राग सोडला, कायमचा. दुसरं म्हणजे राणीच्या पोटचे चार कोंबडे यंदा झुंजीचा बाजार गाजवणार. राणी माझी लाल कोंबडी. असं खानदान अख्ख्या कामठ्यात नाही. बायकोच्या, मुन्नीच्या, बारा कोंबड्या तिच्या माहेरच्या. नुसती अंडी देतात.

४ जानेवारी
झुंज. चौघांतल्या शेरूच्या पायाला काती, झुंजीची धारदार सुरी, बांधून सोडला. समोरच्याने दुसऱ्याच उडीत पोट फाडलं, आतडी मातीत. लोक म्हणाले, तो उडालाच नाही. मी म्हटलं, डाव होता.

९ जानेवारी
दुसरा घरीच मेला. पोट फुगलेलं, तुरा पांढराफटक. शेजारचा ओमेश्वर कुंपणावरून बघत होता. कायले बघावं? जहर त्यानेच घातलं. मला राग अजिबात नव्हता. शांतपणे काठी घेतली, शांतपणे त्याचे पुढचे दोन दात पाडले.

११ जानेवारी
तिसरा मेला. ओमेश्वर दोन दिवस दवाखान्यात पडून आहे. तिथूनही करू शकतो. बदमाश.

१२ जानेवारी
जनावरांच्या डॉक्टर रचना मॅडम आल्या. मेलेला कोंबडा चिरला. कलेजी तिप्पट, गाठीच गाठी. म्हणाल्या, ल्युकोसिस दिसतो, कोंबड्यांचा कॅन्सर. रेट्रोव्हायरस. मी विचारलं, काय असते ते? मॅडम म्हणाल्या, मूळ सातबाऱ्यावरून नक्कल निघते ना, तसं पेशीत डीएनए हा मूळ कागद, आरएनए ही नक्कल. हा व्हायरस येताना नक्कलच घेऊन येतो, तिच्यावरून उलटा मूळ कागद बनवतो आणि पेशीच्या सातबाऱ्यात स्वतःचं नाव चढवतो. मग पेशी बिचारी स्वतःच त्याच्या नकला काढून वाटत बसते. औषध नाही. कोंबडीतून अंड्यात उतरतो. वरून धडधाकट दिसणारी कोंबडीही त्याला बाळगून असू शकते. सगळ्यांचं रक्त घेतलं. नागपूरचा रिपोर्ट येईपर्यंत एकीलाही हात लावू नका म्हणाल्या.
मला सगळं समजलं. घुसखोर आहे. घुसखोराचं काय करायचं ते मला शिकवू नये.

१३ जानेवारी, सकाळी सहा
चौथा कोंबडाही गेला. काती घेतली. मुन्नीच्या बाराही कापल्या. ती हात धरून ओरडत होती, काऊन मारून राहिले जी, रिपोर्ट तं येऊ द्या! हात झटकला तर खुराड्यावर आपटली, कपाळ फुटलं. मुद्दाम नाही. तिच्या लाडक्या पांढरीने पळता पळता अंडं टाकलं. तेही पायाने फोडलं. व्हायरसला दयामाया दाखवून चालत नाही.
राणी तेवढी सोडली. ठणठणीत आहे. शिवाय खानदान.
मुन्नी बोलत नाही. रागाने माणसाचं नुकसान होतं, हे तिला समजवायला हवं.

१४ जानेवारी
मुन्नी माहेरी गेली. मीच जा म्हणणार होतो. रिकाम्या खुराड्याला कडी लावून गेली.

२ फेब्रुवारी
मॅडमचा फोन. व्हायरस राणीत आहे, चौघांना तो आईकडूनच आला असणार. वहिनींच्या बाराही साफ. म्हणाल्या, चैनलालभाऊ, नशीबवान आहात, आता त्या बारा जपा. मी हो म्हटलं.
नागपूरवाल्यांकडून रक्ताच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. तरी काती घेऊन गेलो. राणी खुडूक बसली आहे. खाली नऊ अंडी. हात पुढे होईना. तिथेच बसलो. रडलो. कोणी नव्हतं म्हणून लिहितो.

३ फेब्रुवारी
मुन्नीचा फोन आला. स्वतःहून! एकच विचारलं, माह्या कोंबड्याइचा रिपोर्ट काय आला जी?
म्हटलं, अजून यायचा आहे.