संत ओडिलियाचं पाणी आणि आईचे डोळे

प्रिय डॉमनिक,

देवाच्या दयेने मी बरी आहे. इथे सौदीत जुबैलचा उन्हाळा सरला, तेव्हा माझी काळजी नको. यंदा केळी सुकवून सुकेळी केलीत का?

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून सुट्टीवर गावी निघालेल्या माझ्या मैत्रिणीच्या, इनासच्या हाती हे पत्र देते आहे.

परवा व्हिडिओवर आई म्हणाली, "बाय, तुझा अर्धा चेहरा दिसतच नाही गं." काचबिंदूचे थेंब घातलेस का, असं मी विचारलं, तर मागून तुझा आवाज आला, "नोव्हेना चालू आहे. नऊ दिवस फक्त प्रार्थना, औषध बंद. विश्वास ठेव जरा!" आणि माझ्यादेखत तू तिच्या डोळ्यांत संत ओडिलियाच्या नावाचं बाटलीतलं पाणी ओतलंस. किळस आली मला. मागे भिंतीवर तुमच्या प्रार्थना मंडळाचा बॅनर, त्यावर संत ओडिलिया कोपऱ्यात, आणि मधोमध हात जोडून तू!

ही ओडिलिया कोण होती, ठाऊक आहे? सातव्या शतकातल्या सरदाराची मुलगी, आंधळी जन्मली म्हणून बापाने टाकलेली. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला दृष्टी आली म्हणतात. पुढे मठात राहून तिने आजाऱ्यांसाठी घर बांधलं. कुणाचं औषध बंद केलं नाही. इथे चर्च नाही. मी पडदा ओढून तिची प्रार्थना करते आणि मग ड्यूटीवर जाऊन रोग्यांच्या डोळ्यांत औषध घालते.

काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, डॉमनिक. इनास नर्स आहे. ती थेंब घेऊन थेट आईच्या खाटेशी जाईल. तिला अडवू नकोस.

आई घाबरली, तर तिला सांग की नोव्हेना मोडल्याचं पाप बायने स्वतःच्या माथी घेतलं आहे.

तुझी मोठी बहीण,
मार्था