पायाळू बन्सीलालचा उजवा पाय

४ जानेवारी, रविवार
नवलच्या पाठीत भरलेली उसण घालवताना माझ्याच कमरेत कट्‌ झालं. नवल शेजारी. ओट्यावर पालथा झोपला की ओटा दिसत नाही. नेहमीसारखा उजवा पाय मारला, जोर जरा जास्त लागला. तो उठून ताठ मानेने घरी गेला. मी भिंत धरून आत आलो.

मी पायाळू. पायाकडून जन्मलो. पायाळूच्या लाथेने उसण जाते हे बठ्ठ्या खान्देशाला ठाऊक आहे. कॉलनीत नाव आहे माझं. पाईपच्या कंपनीत स्टोअरला आहे, तिथेही आहे. साहेब स्वतः एकदा केबिनमध्ये पालथे झाले होते.

गॅस असेल. बायकोला, रत्नाला, बोललो नाही.

७ जानेवारी
गॅस नाही. ढुंगणापासून पोटरीपर्यंत करंट. करंगळीला मुंग्या. शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे. आणि नेमका उजवाच पाय! लोकांना कळलं तर तोंड कुठे दाखवू? ऑफिसात दोन्ही पायांनी लंगडतो. एकावर संशय नको.

९ जानेवारी, संध्याकाळ
हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. तोंडाला मास्क लावून. त्यांनी उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला. मी बोंबललो, तर ते खूश झाले. म्हणाले, सायटिका. पायाचा काही दोष नाही, दुखणं कमरेतलं. मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाबते, ती नस थेट पावलापर्यंत जाते, म्हणून पाय ओरडतो. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. अंथरूण धरू नका, चालत राहा, वाकून वजन उचलू नका. आणि झटके देणं, तुडवणं, लाथा, असलं काही करून घेऊ नका. लाथा म्हणताना माझ्याकडेच का पाहिलं, कळलं नाही.

निघताना पुन्हा थांबवून बजावलं. पाऊल वर उचलेना, चप्पल पायातून निसटायला लागली, लघवीचं भान राहिना, तर त्याच दिवशी या. वाट बघू नका.

पायाचा दोष नाही, हे ऐकून फार बरं वाटलं. उद्यापासून रोज मेहरूण तलावावर चालायला.

१० जानेवारी
थंडी फार. उद्यापासून.

१२ जानेवारी
धुळ्याहून अक्काचा फोन. यशोदाअक्का, माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला वाढवलं तिनेच. कंबर धरली आहे, डावा पाय बधिर होतो म्हणाली. डॉक्टर नको, तू ये, तुझा पाय लागला की झालं. वर्षातून एकदा-दोनदा असा फोन येतोच.

डॉक्टरांचं सगळं बोलणं आठवलं. ओठांवर आलं होतं. पण तिला सांगायचं तर माझंही सांगावं लागणार. रविवारी येतो म्हटलं. समोर बसून नीट समजावीन. असल्या गोष्टी फोनवर बोलू नयेत.

१८ जानेवारी, रविवार, धुळे
एस.टी.त पाय नुसता कोकलत होता. अक्काने कमरेवर हात ठेवून कळण्याच्या भाकरी थापल्या, भरीत केलं. मी पोटभर जेवलो. मग समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या दोघी बघायला आल्या. माझा भाऊ खास जळगावहून आलाय, असं अक्काने त्यांना दोनदा सांगितलं. अशा वेळी सायटिकाचं कोण काढणार?

थोरल्या बहिणीला पाय लावायचा, म्हणून आधी तिच्या पाया पडलो. मग लाथ. हळूच टेकवणार होतो. देवाशपथ हळूच. पण वर उचलला आणि नस अशी ओढली की पाय धपकन खाली आला. अक्का आई गं म्हणाली. मग म्हणाली, मोकळं झालं.

ती स्वतःच म्हणाली. मी म्हणायला लावलं नाही.

२० जानेवारी
हेमांगीचा, अक्काच्या सुनेचा, फोन. सासूबाई अंगणात पडता पडता वाचल्या. डावी चप्पल पायातून निघून जाते आणि त्यांना पत्ताच नसतो. मागून अक्का हसत होती, म्हातारपण आलं म्हणत होती. हेमांगीने विचारलं, मामा, काळजीचं काही नाही ना?

मी म्हटलं, चप्पल सैल असेल.



२० जानेवारी, पुन्हा
सैल असू शकते की. नव्या चपला पहिल्यांदा सैलच असतात.

२१ जानेवारी
सकाळी घास उतरेना. रत्नाने विचारलं आणि भडाभडा सगळं ओकलो. मास्क, डॉक्टर, लाथ, चप्पल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फोन आणून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, ऑफिसातून करतो, इथे रेंज नाही. तिने फोन परत घेतला आणि स्वतः लावला. रेंज होती.

दुपारी हेमांगी अक्काला दवाखान्यात घेऊन गेली. एमआरआय झाला. गादी फुटून नस चेपली आहे. उद्याच ऑपरेशन.

मी चांडाळ आहे. आजवर स्वतःविषयी इतकं खरं लिहिलं नव्हतं.

२२ जानेवारी, धुळे, दवाखाना
ऑपरेशन झालं. डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, एका मित्राचा प्रश्न आहे, अशा माणसाला लाथ बसली तर? म्हणाले, नस त्यानेच चेपली की आधीपासून चेपत आली होती, आता सांगता येणार नाही. पण मित्राला सांगा, पुन्हा नको. पाऊल पूर्वीसारखं उचलेल का? तेही आज सांगता येणार नाही, वाट बघायची. अक्काने त्यांना सांगून टाकलंय, उशीर मीच केला, अंगावर काढलं. लाथेचं नावसुद्धा काढलं नाही.

तिने नाव घेतलं असतं तर मला जेवण गेलं असतं.

२५ जानेवारी, रविवार, धुळे, दवाखाना
अक्काचा डावा अंगठा आज किंचित हलला. हेमांगी रडायलाच लागली. मला वाटलं, आता बोलावं. बोललो. मला माहीत होतं अक्का, डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी मी मारली.

अक्का म्हणाली, तू लंगडत घरात आलास तेव्हाच दिसलं होतं मला. आणि ते पायाळूचं राहू दे. तुझ्या लाथेने मला आजवर एकदाही गुण आलेला नाही.

मी चक्रावलो. मग दर वेळी बोलावून पाठ कशाला पुढे करायचीस, म्हणून विचारलं. जरा चिडूनच विचारलं.

अक्का छताकडे बघत म्हणाली, भाऊबीजेची ओवाळणी तू फोनवरून टाकतोस. राखी कुरिअरने मागवतोस. कंबर धरली म्हटलं की मात्र तुला रविवार सापडतो. त्यानाबिगर तू येस का रे भाऊ?

मी म्हटलं, येतो की. हेमांगीने थर्मासमधला चहा ओतला. पाय दुखतोय असं सांगून मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.

पाय आज अजिबात दुखत नव्हता.