संत्र्याच्या केकचा तुकडा

प्रिय चिमे,

तू फोन उचलत नाहीस. तुझ्या नवऱ्याला केला तर तो बिचारा बाल्कनीत जाऊन चोरासारखा कुजबुजतो, की दादा, अजून तुमचं नाव काढायची सोय नाही. म्हणून लिहायला बसलोय. माझं अक्षर केकवर बरं येतं, कागदावर मुंग्या सुटल्यासारखं दिसतं, तरी शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडलंस तर मी पुन्हा लिहीन, वाचायचा त्रास तुलाच. पत्राचा एक फायदा मात्र आहे, तुला मला मध्ये तोडता येत नाही. जन्मात पहिल्यांदाच.

तुझ्या वाढदिवसाला तू भरल्या घरात माझ्या तोंडाशी केकचा घास आणलास आणि मी तोंड फिरवलं. तू म्हणालीस, दादाला आता आरशाचं वेड लागलंय, बहिणीपेक्षा त्याला कंबर प्यारी. मी खरं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू त्याहून मोठ्याने ओरडली असतीस. आज सांगतो. मी बारीक होत होतो ते आरशासाठी नाही. माझ्या लिव्हरवरची चरबी उतरवायला होत होतो, त्यातला तुकडा तुला देता यावा म्हणून. हो, तोच विषय, जो पुन्हा काढणार नाही असं तू माझ्याकडून कबूल करून घेतलं होतंस. दात-ओठ नंतर खा, आधी पुढचं वाच.

तो दिवस तू विसरली नसशील. डॉक्टर म्हणाले, तुझं लिव्हर आता फार काळ साथ देणार नाही, घरातल्या कुणीतरी आपल्यातला भाग द्यायला हवा. तुझ्या नवऱ्याचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला. मी तिथल्या तिथे बाह्या सरसावल्या. मग माझं स्कॅन आलं, आणि डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, तुमच्या लिव्हरवर एवढी चरबी आहे की यातलं काही कापून दिलं तर दोघांच्याही जिवाला धोका. आयुष्यभर गावाला लोणी-साखर खाऊ घातली आणि त्याहून जास्त स्वतः खाल्ली, त्याचा हा हिशेब. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तू? तू चक्क हसलीस. बाहेर आल्यावर माझा हात घट्ट धरून म्हणालीस, सुटले बाई एकदाची! बाबा आठवतात ना? साधं पित्ताशयाचं ऑपरेशन. माझ्या वाटणीचं आइस्क्रीम संपवू नका रे, असं चिडवत आत गेले आणि परत आलेच नाहीत. एक माणूस गेला तेवढं पुरे, माझ्यासाठी तुझ्या पोटाला सुरी लागू देणार नाही, पुन्हा हा विषय काढलास तर मी औषधं बंद करेन. मी मुकाट मान डोलावली. तुला गाडीत बसवलं, माझा चष्मा आत राहिला म्हणालो आणि परत डॉक्टरांच्या खोलीत गेलो. चष्मा खिशातच होता. विचारलं, ही चरबी उतरते का? म्हणाले, उतरते, पण तुमच्या बहिणीकडे वेळ कमी आहे आणि तुमच्या जिभेवर माझा विश्वास नाही.

त्यांनी एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाई काडीसारखी, बोलणं मोजून. कामधंदा काय करता म्हणून विचारलं, माझी बेकरी आहे म्हटल्यावर तिने पेन खाली ठेवलं. मग कीटो सांगितलं. साखर बंद, मैदा बंद, भात, ब्रेड, बटाटा, केळं, आंबा, सगळ्यांना रामराम. अंडी, मासे, चीज, पालेभाज्या, मूठभर बदाम. मी खूश होऊन म्हटलं, म्हणजे लोणी चालेल! तर म्हणे, लोकांना कीटो म्हणजे लोण्यात पोहणं वाटतं, तुम्हाला लोणीही चमच्याने मोजून, आणि त्याच्या जोडीला रोज व्यायाम. लघवीत बुडवायच्या पट्ट्या दिल्या. पट्टी जांभळी झाली की शरीर चरबी जाळतंय, फिकी राहिली की कुठेतरी साखर पोटात गेलीय. तेव्हापासून माझा जीव त्या पट्टीत अडकला. लोक उठून देवाचं नाव घेतात, मी पट्टी बघायचो.

सुरुवातीचे दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. डोकं ठणकायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे, आणि समोर ताज्या पावांचे ट्रे भट्टीतून निघताहेत. मी सगळ्यांवर खेकसायचो. एकदा गिऱ्हाइकाने विचारलं, हा केक गोड आहे का, तर मी म्हटलं, नाही, तिखट आहे. तुझी वहिनी म्हणाली, एक तर तुम्ही काहीतरी खा नाहीतर मी माहेरी जाते. मग आहारतज्ज्ञ बाईंनी मीठ आणि पाणी वाढवायला सांगितलं, तेव्हा कुठे मी माणसांत आलो. व्यायामशाळेतली शिकवणारी मुलगी माझ्या मुलीच्या वयाची, सगळ्यांना चॅम्प म्हणते. चॅम्प, अजून थोडं! मी घामाने निथळत, जीव मुठीत धरून त्या ट्रेडमिलवर धावतोय आणि ही च्युइंगगम चघळत उभी. एकदा बॅडमिंटन खेळताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कोर्टवरच बसलो. पाय घसरला म्हणून वेळ मारून नेली.

पण धावणं परवडलं, माणसं नको. तुला आमची रविवारची बॅडमिंटनची चौकडी माहीत आहे. खेळ कमी, त्यानंतरची कॉफी आणि लोण्याचे बन जास्त, आणि बन माझ्याच बेकरीचे. मी उकडलेली अंडी घेऊन बसलो की टकल्या वकील सुरू व्हायचा, अरे एका दिवसाने काय होतं! कुणाचं लग्न, कुणाचं नवं घर, कुणाला बढती, जिथे जावं तिथे कुणीतरी ताट घेऊन मागे लागायचं, आणि प्रत्येकाचं वाक्य हेच. मग मी युक्त्या शिकलो. घरून पोट भरून निघायचं. सोड्याचा ग्लास संध्याकाळभर हातात धरून ठेवायचा, म्हणजे कुणी दुसरं काही देत नाही. फारच झालं तर दाताचं काम चालू आहे म्हणायचं. सगळ्या गावाचे दात आजवर मीच किडवलेत. लोकांनी तर्क काय काय लढवले! कुणी म्हणे मधुमेह, कुणी म्हणे याहून वाईट काहीतरी, आणि टकल्याने निकाल दिला की बाहेर एक बाई आहे. त्याने हे तुझ्या वहिनीलाच विचारलं. ती म्हणाली, असेल तर तिला सांगा, याचे मोजेही धुवायला घेऊन जा. हसलो सगळे. पण घरी जाताना मला वाटायचं, ओरडून सांगावं एकदा सगळ्यांना. सांगता येत नव्हतं. एकाला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत तुला कळलं असतं.

मधल्या स्कॅनला मी छाती फुगवून गेलो होतो. कपडे ढगळ झाले होते, कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं. डॉक्टर म्हणाले, उतरलीय, पण पुरेशी नाही. तुझे रिपोर्ट बिघडत चालले होते. त्यांनी सांगितलं, आता अजून एकदाच बघू, त्यानंतर थांबणं तिला परवडणार नाही. घरी आलो तर पट्टी फिकी. दुसऱ्या दिवशीही फिकी. तोंडात काही घालत नव्हतो, चिमे, देवाशपथ! मी आहारतज्ज्ञ बाईंशी भांडलो, पट्ट्या खोट्या म्हणालो, स्कॅनचं यंत्र बिघडलंय म्हणालो. शेवटी तुझी वहिनी दिवसभर बेकरीत येऊन बसली. दुपारी फोन माझ्यासमोर धरला. त्यात मी होतो. क्रीम फेटलं, बोट भांड्याच्या काठावरून फिरवलं, तोंडात. कस्टर्ड ढवळलं, बोट तोंडात. आयसिंग, बोट. चॉकलेट, बोट. आणि चेहऱ्यावर पत्ताच नाही, मी तर कुणाशी तरी पावांच्या ऑर्डरीबद्दल बोलत होतो. इतकी वर्षं चाखूनच काम केलं, हाताला ते श्वासासारखं झालंय. मी कपाळाला हात लावला. बहिणीचा जीव टांगणीला लागलाय आणि मी तो बोटाबोटाने चाटून संपवत होतो. त्या दिवसापासून मी कामावर तोंडाला मास्क बांधला, गाठ डोक्यामागे, हाताला सहज सुटू नये अशी. चाखायचं काम वहिनीकडे. तिला गोड कळत नाही हे तुला ठाऊक आहेच, गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली, मुरडू देत. पट्टी पुन्हा जांभळी झाली.

आणि मग तुझा वाढदिवस आला. शेवटचं स्कॅन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. दरवर्षी तुझा संत्र्याचा केक मी करतो. यंदा तू हट्ट धरलास, या वर्षी मी करणार आणि दादा खाणार. तुझ्या लेकीने मला हळूच सांगितलं, आई स्टुलावर बसून अंडी फेटत होती, मध्ये मध्ये भिंतीला डोकं टेकत होती, कुणाला हात लावू देत नव्हती. पाय सुजलेले, डोळे पिवळे, आणि केक असा उतरला होता की मलाही जमला नसता. वरची साल किती बारीक किसली होतीस! तू पहिला तुकडा कापलास, सगळ्यांना बाजूला सारून माझ्यासमोर आलीस. आता वाटतं, एका घासाने काय होणार होतं? डॉक्टरांनाही नंतर विचारलं, ते हसले, म्हणाले, काहीच झालं नसतं. पण तेव्हा मला माझ्या जिभेचा भरवसा उरला नव्हता. ज्या माणसाच्या बोटाने मला न विचारता फसवलं, त्याच माणसाचं हे तोंड. एक घास घेतला असता तर दुसरा मागितला असता, तुझ्या हातचा होता म्हणून तिसराही. मला भीती वाटली. नुसती भीती, चिमे, लहान पोरासारखी, की या घासाने तू जाशील. म्हणून मी तोंड फिरवलं. तुझा चेहरा पाहिला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडलो. तू नंतर बशी रिकामी पाहिलीस आणि लेकीला म्हणालीस म्हणे, टाकला असेल कचऱ्यात. टाकला नाही. कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशातून नेला, डाग अजून निघालेला नाही, वहिनी रोज बोलते.

काल डॉक्टरांनी बोलावलं होतं. त्यांनी पुन्हा चष्मा काढला, मी खुर्ची घट्ट धरली. म्हणाले, तुमचं लिव्हर चालेल. मी त्यांना मिठी मारली, त्यांना ते आवडलं नाही. बाकी तपासण्याही झाल्या, सगळं ठीक आहे. आता फक्त तुझा होकार हवा, आणि तो तू त्यांना स्वतः सांगायचास, माझ्या तोंडून चालणार नाही. समोर आलो असतो तर मी तोंड उघडायच्या आधी तू नाही म्हणाली असतीस, म्हणून हे पत्र. मला भीती वाटत नाही असं खोटं सांगणार नाही. मीही बाबांचाच मुलगा, आत जाताना मलाही त्यांचं आइस्क्रीम आठवणार. पण चिमे, तू गेलीस तर मी रोज त्या भट्टीपाशी उभा राहून केक कुणासाठी करू? तुझा तुकडा बेकरीच्या मोठ्या फ्रीजरमध्ये आहे, नीट गुंडाळलेला, वर तुझं नाव घातलंय म्हणजे कुणी हात लावणार नाही. आपण दोघं घरी परतलो की तो बाहेर काढायचा. हे पत्र वहिनी आत्ताच तुझ्या हातात आणून देईल, आणि आज संध्याकाळी मी फोन करेन. होय वगैरे म्हणायला तुला जमणार नाही, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू नुसता फोन उचल आणि नेहमीसारखी डाफर, की दादा, तो तुकडा एकट्याने खाऊ नकोस.

तुझाच, फोन हातात धरून बसलेला,
दादा