बाबांची गाठ

४ फेब्रुवारी
वाचनालयाच्या बागेचं काम बाबांना मिळालं — वेलींच्या लाकडी जाळ्या कुजल्यात, सगळ्या नव्या करायच्या. वाटलं, मला नेतील. लहानपणी त्यांच्या हाताखाली मीच तर असायची! नेलं दादाच्या बायकोला. मला म्हणाले, "तू स्पर्धा परीक्षेचं बघ."

घरातली पहिली पदवीधर मी. आणि हातोडी वहिनीच्या हातात!

७ फेब्रुवारी
डबा द्यायला गेले. बाबा स्टुलावर, डावा हात खिशात, नुसते हुकूम सोडतायत. वहिनी शिडीवर. "पट्टी जरा वर... शाब्बास!" माझा पदवीचा निकाल बघून शाब्बास नव्हते म्हणाले. चष्मा पुसला फक्त.

"पदवीधर बाई, सुतळी फेका की!" वहिनी वरून ओरडली. फेकली. जरा जोरातच.

८ फेब्रुवारी
बाईने कुठलंही काम करावं — कॉलेजात यावर भाषण ठोकून बक्षीस घेतलंय मी. आता वहिनी करते तर पोटात दुखतं. जळतेय मी. लिहून टाकलं.

११ फेब्रुवारी
कुणी यायच्या आत बागेत जाऊन एक अख्खी वेल नव्या जाळीवर बांधली. घट्ट, सरळ रेषेत. बाबांनी पाहिलं —

"फास दिलास की गं तिला! आवळायचं ते पट्टीला. वेलीला जाड व्हायला जागा नको?"

वहिनीने मुकाट्याने एकेक गाठ सोडली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं!

१५ फेब्रुवारी
काम संपलं. एकटीच बघायला गेले — वहिनीची चूक सापडावी म्हणून, खोटं कशाला लिहू?

बाबा डावखुरे. त्यांच्या गाठीचं टोक नेहमी डावीकडे पडतं. त्यावरून मी त्यांचं काम ओळखायची. सगळ्या जाळ्या पाहिल्या. प्रत्येक टोक उजवीकडे. एकही गाठ बाबांची नाही.

घरी वहिनी भांडी विसळत होती. विचारलं. आधी नळ बंद केला तिने.

"तीन महिने झाले. हात थरथरतो, पकड राहत नाही. म्हणाले, तिला सांगू नकोस. तत्त्वांची पोरगी, लगेच पुस्तकं गुंडाळून ठेवेल."

१६ फेब्रुवारी
रोज सकाळी मी दार लावून अभ्यास करते. आज उघडलं. वहिनी बाबांच्या शर्टाची बटणं लावत होती.

"सरक वहिनी. आज मी."

बाबांनी डावा हात खिशातून बाहेर काढला.